तीन रेग्युलेटर आणि वाटेत हरवलेले दोन व्होल्ट

काकांनी टेबलावर बागेच्या ट्रॅक्टरचे तीन रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीच्या चार्जिंगला आवर घालणाऱ्या डब्या, ओळीने मांडले. पहिला यंत्राबरोबरच आलेला, ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तेलकट धूळ बसलेली. दुसरा आणि तिसरा जवळजवळ कोरे. "तिसऱ्यानेही बॅटरी चार्ज होत नाही," ते म्हणाले. "आता चौथा मागवू, की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड फिरतं चाक, काढून आतली कॉइलच बदलू?"

मी दोन्ही नको म्हटलं. तीन वेगवेगळे रेग्युलेटर एकाच प्रकारे नापास होत असतील, तर दोष तिघांमध्ये असण्यापेक्षा तिघांना जोडणाऱ्या जागेत असण्याची शक्यता जास्त. पण हा झाला अंदाज, आणि अंदाजावर काका आधीच दोन रेग्युलेटर घेऊन बसले होते. यावेळी मोजल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही, एवढं आम्ही ठरवलं.

यंत्र १९७०च्या दशकातला बागेचा छोटा ट्रॅक्टर. इंजिन कोहलरचं के-३२१, एका सिलिंडरचं, १४ अश्वशक्तीचं. इग्निशन बॅटरीवर चालणारं, म्हणजे बॅटरी उतरली की ट्रॅक्टर नुसता सुरू होत नाही एवढंच नाही, चालू असलेलाही बंद पडतो. समोर दोन दिवे. काकांनी हे यंत्र वर्षभर खपून पूर्ण खोललं होतं आणि पुन्हा उभं केलं होतं. पत्र्याचा प्रत्येक भाग घासून, प्रायमर मारून, वर जाड रंगाचे थर दिले होते. इतकं मन लावून केलेलं काम क्वचित बघायला मिळतं. बोनेट उघडलं तर आतले कंस सुद्धा बाहेरच्या पत्र्याइतकेच चकचकीत.

तक्रार अशी: बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली की सकाळी ट्रॅक्टर झटक्यात सुरू होतो. तास-दोन तास दिवे लावून काम केलं, तर पुढच्या खेपेला स्टार्टर कण्हायला लागतो. चार-पाच खेपांनंतर स्टार्टरला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडची फक्त टकटक. बॅटरी बदलून झाली होती. रेग्युलेटर दोनदा बदलून झाला होता.

"हे सुरू कधी झालं?" मी विचारलं.

"खोलून पुन्हा जोडला तेव्हापासून. आधी दुसरं बरंच काही बिघडलेलं होतं, पण चार्जिंग चांगलं होतं."

हे उत्तर मी मनात जपून ठेवलं. दुरुस्तीला आलेल्या यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न हाच: शेवटचं नीट चालत होतं तेव्हापासून आजपर्यंत काय काय बदललं? इथे बदललं होतं जवळजवळ सगळंच, त्यामुळे उत्तराने दोष दाखवला नाही. पण जुना रेग्युलेटर खोलण्याआधी चालत होता, एवढं त्यातून निश्चित कळलं.

रेग्युलेटर नेमकं काय करतो

मोजमापाकडे जाण्याआधी जोडणी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

या इंजिनात फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला कायमचुंबक बसवलेले असतात. त्यांच्या मध्ये इंजिनाच्या अंगाला घट्ट बसलेली तांब्याच्या वेटोळ्यांची चकती असते, ती म्हणजे स्टेटर. चुंबक फिरले की वेटोळ्यांत एसी, म्हणजे दिशा सतत उलटणारी, वीज तयार होते. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं, आणि काही न जोडता मोजलं तर पूर्ण वेगाला ते बॅटरीच्या दुपटीच्याही वर जातं. ही वीज बॅटरीला थेट देता येत नाही. आधी ती डीसी, म्हणजे एकाच दिशेची, करावी लागते, मग आवर घालावा लागतो. दोन्ही कामं एकाच ॲल्युमिनियमच्या डबीत होतात. म्हणून त्या वस्तूचं पूर्ण नाव रेग्युलेटर-रेक्टिफायर.

डबीवर तीन पिना. दोन बाजूंच्या पिनांवर एसी असं कोरलेलं, मधल्यावर बी आणि अधिकचं चिन्ह. स्टेटरच्या दोन वायरी दोन एसी पिनांवर जातात. त्यांची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. मधल्या पिनेची वायर चावीच्या स्विचमधून बॅटरीच्या धन टोकाकडे जाते. ती चुकून एसीच्या जागी लागली तर मात्र रेग्युलेटर जळायला क्षण पुरतो. बदली म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक नगावर क्रम हाच असेल असं धरून चालू नये, कोरलेली अक्षरं वाचूनच प्लग लावावा. काकांनी तिन्ही वेळा प्लग बरोबर लावला होता, ते मी पहिल्यांदा तपासलं.

चौथं टर्मिनल मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ते म्हणजे डबीचं अंग. बॅटरीत गेलेली वीज परत यायची ती ऋण केबल, चॅसी, इंजिन, पंख्याचं पत्र्याचं आवरण आणि त्या आवरणाला बोल्टने धरलेलं रेग्युलेटरचं अंग, या वाटेने. शिवाय बॅटरी किती भरली हे रेग्युलेटर ठरवतो ते मधली पिन आणि स्वतःचं अंग यांच्यामधलं व्होल्टेज बघून. बॅटरीच्या टोकांवर काय आहे हे त्याला दिसत नाही. या प्रकरणाची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीत होती.

इथे काकांनी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला हे फार बरं झालं. "नवा रेग्युलेटर लावल्यावर पोलराइज करावं लागतं असं मी वाचलंय. बॅटरीची वायर क्षणभर टेकवायची म्हणे. ते राहिलं म्हणून तर असं होत नसेल?"

ते वाचलेलं खरं आहे, पण दुसऱ्या पिढीच्या यंत्रांबद्दल. १९६०च्या दशकातल्या अनेक बागेच्या ट्रॅक्टरांवर स्टार्टर आणि जनरेटर एकाच यंत्रात असायचे. पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं ते सिलिंडरसारखं यंत्र सुरू करताना मोटर व्हायचं आणि नंतर जनरेटर. त्याच्या रेग्युलेटरच्या डबीत रिले आणि पॉइंट असायचे, आणि टर्मिनलांवर बॅट, जेन आणि एफ अशी अक्षरं. त्या जनरेटरमध्ये कायमचुंबक नसतात. लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो वीज तयार करायला सुरुवात करतो, आणि त्या चुंबकत्वाची दिशा बरोबर असावी म्हणून पोलराइज करतात. काकांच्या इंजिनात चुंबक कायमचे आहेत, तिथे पोलराइज करण्यासारखं काहीच नाही. उलट बॅटरीची धन वायर एसीच्या पिनेला टेकवली असती, तर तिसरा रेग्युलेटर खरोखरच गेला असता. जुन्या यंत्रांची माहिती शोधताना या दोन पिढ्यांची सरमिसळ फार होते. डबी काळी, चौकोनी आणि आत पॉइंट असलेली आहे, की पाती असलेली बंद ॲल्युमिनियमची, एवढं बघितलं तरी आपण कोणत्या पिढीत आहोत ते कळतं.

मोजमाप

बॅटरी आधी पूर्ण चार्ज केली आणि काही तास तशीच ठेवली. १२.६ व्होल्ट. स्पार्क प्लगची वायर काढून, ती इंजिनाच्या धातूला जोडून, म्हणजे अर्थ करून, स्टार्टर फिरवला, तेव्हा व्होल्टेज १०.४ च्या खाली गेलं नाही. बॅटरी चांगली. उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची तपासणी केली तर कोणत्याच आकड्याचा अर्थ लागत नाही, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही.

मग स्टेटर. प्लग काढून दोन एसी वायरींवर मल्टिमीटर एसीवर लावला आणि इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर नेलं. ३३ व्होल्ट. या १५ अँपिअरच्या प्रणालीत पूर्ण वेगाला २८ किंवा जास्त आले की स्टेटर ठीक समजतात. इंजिन बंद करून दोन्ही वायरींचा इंजिनाच्या अंगाशी संबंध नाही ना, तेही पाहिलं. नव्हता. म्हणजे फ्लायव्हील काढायची गरज नाही. काकांचा चेहरा तिथेच अर्धा खुलला, कारण ते फ्लायव्हील काढायला पुलर लागतो आणि घाईत ते फुटण्याची भीती असते.

प्लग पुन्हा लावला, इंजिन चालू, दिवे बंद. बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट. दिवे लावले, १२.५.

हा आकडा फसवा आहे. चार्जिंग अजिबात नसतं, तर दिवे आणि इग्निशनच्या भाराखाली व्होल्टेज १२.३, १२.२ असं हळूहळू घसरत गेलं असतं. इथे ते १२.५ वर थांबलं होतं. म्हणजे वीज येत होती, पण भार भागवून बॅटरीसाठी काही उरत नव्हतं. काकांनी तीनही वेळा हाच आकडा पाहिला होता आणि तीनही वेळा रेग्युलेटर खराब असा निष्कर्ष काढला होता. त्या आकड्यावरून कोणीही तोच काढला असता.

आता मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या मधल्या पिनेवर, प्लगच्या मागून सुई घालून, आणि दुसरं थेट रेग्युलेटरच्या अंगावर, रंग नसलेल्या पात्याच्या कडेला. १४.५ व्होल्ट.

काकांनी मीटर दोनदा वाचला. "मग हा चांगला आहे?"

चांगला होता. तो स्वतःच्या दोन टोकांमध्ये १४.५ व्होल्ट राखत होता, जे त्याचं काम आहे. त्याच्या दृष्टीने बॅटरी भरलेली होती, म्हणून तो आवर घालत होता. बॅटरीपर्यंत मात्र १२.५ च पोहोचत होते. मधले दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते, आणि वाट दोनच: जायची आणि यायची.

दिवे चालू ठेवूनच पुढचं मोजलं. दोष शोधायचा असेल तर वाटेतून वीज वाहती हवी. मधली पिन ते बॅटरीचं धन टोक: ०.९ व्होल्ट. रेग्युलेटरचं अंग ते बॅटरीचं ऋण टोक: १.१ व्होल्ट. १२.५ मध्ये ०.९ आणि १.१ मिळवले की १४.५. बेरीज जुळली की कोणतीही गळती नजरेतून सुटली नाही याची खात्री होते. अशी जुळलेली बेरीज बघताना मला आजही मनापासून आनंद होतो.

बझर वाजला म्हणून अर्थ चांगला नसतो

"पण अर्थ, म्हणजे अंगातून परतीची जोडणी, मी तपासला होता," काका म्हणाले, आणि ते खरं होतं. रेग्युलेटरच्या खालचा रंग त्यांनी पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला होता. मल्टिमीटरचा बझर लावून अंग ते बॅटरीचं ऋण टोक तपासलं होतं. बझर खणखणीत वाजला होता.

मीटरचा बझर जोडाची परीक्षा घेतो ती अगदी नगण्य विजेवर. रंगाच्या थरातून बोल्टच्या आट्याचं एखादं टोक धातूला टेकलेलं असलं, तरी तेवढ्या विजेला तो रस्ता पुरतो आणि बझर वाजतो. त्याच टोकातून सात-आठ अँपिअर जायला लागले की ते अपुरं पडतं. आमच्याकडे साधारण साडेसात अँपिअरला १.१ व्होल्ट पडत होते, म्हणजे दीड दशांश ओहमचा विरोध. साध्या मीटरवर एवढा विरोध त्याच्या स्वतःच्या वायरींच्या विरोधात मिसळून जातो, वेगळा दिसतच नाही. पण आठ वॉट उष्णता मात्र त्या जोडांत तयार होत होती. म्हणून जड विजेच्या वाटेवर ओहम मोजू नयेत, भार चालू ठेवून व्होल्ट मोजावेत. या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही देईन.

हे १.१ व्होल्ट नेमके कोणत्या जोडात? बॅटरीच्या ऋण टोकावर मीटरची काळी सुई कायम ठेवली आणि लाल सुई एकेक जोड ओलांडत मागे नेली. चॅसीवर जवळजवळ शून्य. इंजिनाच्या ब्लॉकवर ०.१. पंख्याच्या आवरणाच्या पत्र्यावर ०.९. रेग्युलेटरच्या अंगावर १.१.

मोठी उडी ब्लॉक आणि आवरण यांच्यामध्ये होती. काकांनी घासलेली जागा, म्हणजे रेग्युलेटर आणि आवरण यांचा जोड, जेमतेम ०.२ खात होती. त्यांनी योग्य काम केलं होतं, पण वाटेतल्या एकाच जोडावर. आवरण इंजिनावर बसतं ते चार बोल्टांनी. आवरणाला दोन्ही बाजूंनी जाड रंग, ब्लॉकवरच्या बैठकीलाही रंग, आणि बोल्टच्या डोक्याखाली रंग चरू नये म्हणून काळजीने घातलेले फायबरचे वॉशर. कारखान्यातून आलेल्या यंत्रात तिथे पत्रा आणि लोखंड थेट टेकत होते, म्हणून पूर्वी कधी त्रास झाला नव्हता.

काका काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे रंगाने केलं." मी म्हटलं, रंग उत्तम आहे, तो काढायचा नाही. विजेला वेगळी वाट देऊ.

दुरुस्ती

रेग्युलेटरच्या बोल्टखालून २.५ चौरस मिलिमीटरची बारीक तारांची वायर घेतली, दोन्ही टोकांना डोळ्याच्या थिंबल, म्हणजे बोल्ट घालायच्या धातूच्या कड्या, नीट दाबून क्रिंप केल्या, आणि ती थेट बॅटरीची ऋण केबल चॅसीला मिळते त्या बोल्टवर नेली. थिंबल आणि रेग्युलेटरचं अंग यांच्यामध्ये दातेरी वॉशर, वरून थोडं ग्रीस. आवरणाचे बोल्ट आणि फायबरचे वॉशर तसेच राहिले. आता विजेने त्या पत्र्यावर अवलंबून राहण्याचं कारणच उरलं नाही. ब्लॉकलाही त्याच बोल्टवरून एक छोटा तुकडा दिला, कारण स्टार्टरची परतीची वाट ब्लॉकमधूनच जाते.

धन बाजूचे ०.९ शोधायला वेळ लागला नाही. रेग्युलेटरच्या प्लगमधली मधली चपटी टर्मिनल तपकिरी पडलेली होती आणि प्लगचं प्लास्टिक तिच्याभोवती किंचित वितळलेलं. त्या एका ठिकाणी ०.७ व्होल्ट. तीन रेग्युलेटर काढता-घालताना टर्मिनलची पकड सैल झाली होती, सैल झाली म्हणून तापत होती, आणि तापली म्हणून आणखी सैल होत होती. पक्कडने दाबून ती घट्ट करता येते, पण एकदा तापून तपकिरी पडलेल्या पितळेचा ताण परत येत नाही. नवी टर्मिनल लावली. उरलेले ०.२ चावीच्या स्विचमध्ये आणि त्याच्या जोडांत होते, ते तूर्त तसेच ठेवले.

हे सगळं बॅटरीची ऋण केबल काढून केलं. चालू इंजिनावर रेग्युलेटरचा प्लग काढणं किंवा बॅटरी सोडवणं मी टाळतो. या यंत्रावर कुठे वेल्डिंग करायचं असेल तरी आधी रेग्युलेटरचा प्लग आणि बॅटरी दोन्ही सोडवावीत.

इंजिन सुरू केलं, दिवे लावले, पंधरा मिनिटं थांबलो. बॅटरीवर १४.२. रेग्युलेटरच्या दोन टोकांमध्ये १४.५. धन बाजूला ०.२, ऋण बाजूला ०.१. काकांनी कागदावर बेरीज केली आणि पुन्हा एकदा केली.

मग त्यांनी पहिला, जुना रेग्युलेटर उचलला. तो बिघडला असं कधी सिद्धच झालं नव्हतं, त्याला फक्त काढून ठेवलं होतं. पात्यांमधली धूळ ब्रशने काढून, बैठक घासून, तो त्याच दोन बोल्टांवर बसवला आणि अर्थची नवी वायर त्याच्या बोल्टखाली घेतली. बॅटरीवर १४.१. दिवे लावून-विझवून पाहिले, वेग कमी-जास्त केला, आकडा दशांशापेक्षा जास्त हलला नाही.

"हाच राहू दे," काका म्हणाले. "तो याच इंजिनाचा आहे."

बाकीचे दोन त्यांनी मूळ खोक्यांत परत घातले आणि खोक्यांवर "चांगला" असं लिहून ठेवलं. बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावून तिच्यावर त्या दिवशीचे चार आकडे लिहिले, प्रत्येकासमोर मीटरच्या सुया कुठे होत्या त्यासह. महिन्याभराने त्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ऋण बाजू ०.१ वरच होती. धन बाजू ०.२ वरून ०.३ झाली होती. आता चावीचा स्विच खोलून बघायचा आहे.